राज्याबाहेरची राजधानी

मणिकर्णिकेच्या चितांकडे पाठ करून गंगेच्या काठाकाठानं उत्तरेकडं चालू लागलं, की पाट्यांवरची नावं ओळखीची व्हायला लागतात. आधी शिंद्यांचा घाट. मग संकठा, गंगामहाल आणि लगेच नागपूरकर भोसल्यांचा. त्यापुढं पेशव्यांचा गणेश घाट. मेहता घाट ओलांडला की रामघाट. रामघाटाच्या पलीकडं शिंद्यांचे दिवाण जटार यांचा घाट, खुद्द ग्वाल्हेरच्या राजांचा घाट, बालाजी घाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट. वाटेत चहाला थांबलं तरी ही चाल तासाभराच्या वर जात नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या मराठी दौलतींची इतकी नावं एका ओळीत खुद्द महाराष्ट्रातही क्वचितच भेटतात.

आणि काशी मराठ्यांच्या राज्यात कधीच नव्हती. पेशव्यांचा डोळा तिच्यावर होता, प्रयत्न झाले, वाटाघाटी झाल्या. पण नगर राहिलं अवधच्या नवाबाकडं आणि त्याच्या नावानं कारभार करणाऱ्या राजा बळवंतसिंहांच्या घराण्याकडं. १७७५ साली ते कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं. तरीही काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकवणाऱ्या अनंत सदाशिव आळतेकरांनी १९३७च्या आपल्या इतिहासात असं मत मांडलं, की आज दिसणारं बनारस बरंचसं मराठ्यांनी घडवलेलं आहे. आळतेकर स्वतः मराठी, तेव्हा थोडा स्वकीयांचा कैवार धरून चला. पण काठानं चालताना त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड जातं.

मला मात्र त्या दगडांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं कुतूहल होतं. काशी ही मगधाच्याही आधी एका महाजनपदाची राजधानी होती, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. मराठी मुलखापुरती ती पुढं तीन-चारशे वर्षं आणखी एका अर्थानं राजधानी राहिली. आपल्याकडं कोणी कोणाच्या पंक्तीला बसायचं, एकादशी आज की उद्या, दत्तक घेतलेल्याला वारसा किती, राजाला अभिषेक होतो की नाही, हे इथं ठरायचं. निर्णयांची राजधानी. ती कशी चालायची आणि आता तिचं काय उरलंय, ते पायी फिरून पाहावं म्हणून माघातल्या धुक्यात रामघाटाजवळ एक खोली घेतली.

रामघाटाला पोचायचं तर मैदागिन किंवा चौकात गाडी सोडावी लागते. पुढं चौखंभा, ठठेरी बाजार अशा गल्ल्या. पितळेच्या भांड्यांची दुकानं, सकाळी कचोरी-जिलबीच्या रांगा, आणि थंडीत कुल्हडांतून विकला जाणारा मलइयो: दवात ठेवलेल्या दुधाचा केशरी फेस, तोंडात घातला की गेलाच. गल्ली इतकी अरुंद, की समोरून मोटरसायकल आली तर भिंतीला पाठ लावावी लागते. गाय आली तर तिच्याशी बोलणी करावी लागतात. नावाडी आपल्याला ‘दीदी’ म्हणतात आणि दुकानदार ‘माताजी’. शंभर पावलांत एवढी बढती दुसरीकडं मिळत नाही.

घाट स्वतः साधा आहे. दशाश्वमेधासारखे आरतीचे मंच नाहीत, नाचरे दिवे नाहीत. उंच चढ्या पायऱ्या, रामाचं देऊळ, कपडे वाळत टाकलेल्या दोऱ्या, पलीकडच्या काठावर पांढरी वाळू, आणि थंडीतले पाहुणे पक्षी, ज्यांना शेवेचे दाणे टाकायला लोक होड्यांतून जातात. पायऱ्या एवढ्या उंच का, ते पावसाळ्यात कळतं. इथं गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर धरतात; १९७८च्या पुरात पाणी ७३.९०१ मीटरला गेलं होतं. उन्हाळ्यातल्या पातळीपेक्षा हे दहा मीटरहून वर. म्हणजे आपण ज्या पायरीवर बसून चहा पितो, तिच्यावरून श्रावणात होडी जाऊ शकते. घाट बांधणाऱ्यांनी शोभेसाठी दगड रचला नव्हता. वरच्या अंगाला असलेल्या चुनारच्या खाणींतून तो होड्यांनी आणायचा, नदीच्या पोटात पाया घालायचा आणि दरवर्षी दोन-तीन महिने तो बुडणार हे गृहीत धरायचं. म्हणून दौलती लागायच्या.

मेहता घाट आधी रामघाटाचाच भाग होता. तिथं वल्लभराम शालिग्राम मेहता यांच्या नावाचा दवाखाना आहे, आणि त्याच वल्लभराम शालिग्राम नावानं रामघाटावर सांगवेद विद्यालय. वेद आणि त्याची सहा अंगं शिकवणारी पाठशाळा. बाहेरून पाहिली तर काशीतल्या दुसऱ्या कुठल्याही जुन्या घरासारखी. पण सकाळी त्या गल्लीतून जाताना कान उघडे असावे लागतात.

या पाठशाळेचं नाव २०२५च्या अखेरीस देशभर झालं ते एका मराठी मुलामुळं. अहिल्यानगरचा देवव्रत महेश रेखे, वय १९. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे सुमारे दोन हजार मंत्र त्यानं इथं दंडक्रमानं म्हणून दाखवले; पन्नास दिवस, समोर पोथी न ठेवता. पंतप्रधानांपासून सगळ्यांनी अभिनंदन केलं, शृंगेरी पीठानं गौरवलं. बातम्या पुष्कळ आल्या, पण दंडक्रम म्हणजे काय, हे त्यांतल्या फार थोड्यांनी सांगितलं.

समजा मंत्रातली चार पदं आहेत: एक, दोन, तीन, चार. दंडात आधी एक-दोन, मग उलट दोन-एक. पुन्हा एक-दोन, दोन-तीन, आणि उलट तीन-दोन-एक. पुन्हा सुरुवातीपासून एक-दोन, दोन-तीन, तीन-चार, आणि उलट चार-तीन-दोन-एक. दर फेरीत एक पद वाढतं आणि दर फेरीत सगळं मागं परत यावं लागतं. जोडणी उलटली की संधी बदलतो, संधी बदलला की स्वर बदलतात. म्हणजे नुसता पाठ पुरत नाही. तोंड चालू असताना डोक्यात व्याकरण चालू ठेवावं लागतं. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन अशा या आठ विकृती. कागदावर विश्वास न ठेवणाऱ्या लोकांनी मजकूर बिघडू नये म्हणून केलेली ही तपासणीची यंत्रणा आहे. एक अक्षर हललं की पुढची साखळी अडते, चूक लपत नाही. याआधी असं पारायण नाशिकला वेदमूर्ती नारायणशास्त्री देव यांनी सुमारे दोनशे वर्षांपूर्वी केलं, असं सांगितलं जातं.

मला स्वतःला या पारायणाच्या पुण्याबद्दल काही सांगता येणार नाही. पण त्यामागच्या तालमीबद्दल आदर वाटतो, आणि एक शंकाही: एवढी स्मरणशक्ती घडवणारी पाठशाळा त्या मंत्रांच्या अर्थाला किती वेळ देते? ही शंका जुनीच आहे. काशीतल्या जुन्या वैदिकांत आणि शास्त्र्यांत यावरून पिढ्यान्‌पिढ्या खटके उडत आले. वैदिक म्हणणार, अर्थ पोथीत सापडतो, स्वर सापडत नाही. शास्त्री म्हणणार, पोपटालाही स्वर असतो.

याच विद्यालयाचे दोन आचार्य २०२४च्या जानेवारीत अयोध्येच्या निमित्तानं घरोघरी माहीत झाले. प्राणप्रतिष्ठेचा मुहूर्त काढला गणेश्वरशास्त्री द्रविड यांनी. १२ वाजून २९ मिनिटं ८ सेकंदांपासून पुढचे ८४ सेकंद. ते घराणं मूळचं तमिळ. आणि मुख्य आचार्य म्हणून बसले लक्ष्मीकांत दीक्षित. दीक्षितांचं घराणं मूळ सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचं, कित्येक पिढ्यांपूर्वी काशीत आलेलं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाशी आपल्या पूर्वजांचा संबंध असल्याचं ते सांगत. त्याच वर्षी जूनमध्ये ते वारले. सांगायचा मुद्दा एवढाच, की निर्णय काढायचं काम या गल्लीतून अजून पुरतं उठलेलं नाही.

रामघाटावरून उत्तरेला निघालं की जटारांचा आणि ग्वाल्हेरचा घाट झटकन मागं पडतो. बालाजी घाटावर मात्र थांबायचं. पेशव्यांच्या काळातलं हे बालाजीचं ठिकाण आता बरंच ढासळलेलं. नदीकडच्या बाजूला कोरीव खांब आणि उघडे पडलेले चौथरे. इथल्या मंदिरात लहानगा बिस्मिल्ला रियाजाला यायचा. मूळ गाव डुमराव, जन्म १९१६. मामा अलीबक्ष विश्वनाथाच्या दारी शहनाई वाजवणारे. बालाजीकडं यायला दोन वाटा होत्या आणि पोरगा मुद्दाम रसूलनबाई आणि बतूलनबाई या बहिणींच्या घरावरून जाणारी वाट धरायचा, कारण तिथून ठुमरी-टप्पा कानावर पडायचा. ही हकीकत त्यांनी स्वतः सांगितलेली. २००१ साली भारतरत्न मिळालेल्या माणसाचं शिक्षण असं गल्लीच्या निवडीतून झालं. पेशव्यांनी देऊळ बांधलं तेव्हा त्यांच्या हिशेबात हे नव्हतं, आणि मला वाटतं त्या देवळाची सगळ्यात मोठी कमाई हीच.

पंचगंगा घाटावर इतिहासाचे थर एकमेकांवर असे चढलेत, की कुठून मोजावं कळत नाही. इथं बिंदुमाधवाचं भव्य देऊळ होतं. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निएनं १६६५च्या सुमारास ते पाहून त्याचं वर्णन लिहिलं. काही वर्षांतच औरंगजेबाच्या काळात ते पाडलं गेलं आणि जागी मशीद उभी राहिली. तिचे उंच मिनार शतकानुशतकं काशीची खूण होते. जेम्स प्रिन्सेपनं एकोणिसाव्या शतकात त्यांची डागडुजी केली. विसाव्या शतकात एक कोसळला, दुसरा उतरवून घ्यावा लागला. पण बनारसी माणसाच्या तोंडी मशिदीचं नाव ‘बेनीमाधव का धरहरा’, कुणाच्या तोंडी ‘माधवराव का धरहरा’. आजचं बिंदुमाधव शेजारच्या घरवजा इमारतीत आहे आणि ते औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं. शिखर नाही, गल्लीतून जिना चढून जायचं. मोठं देऊळ पुन्हा बांधायची ताकद असती तरी त्या जागी बांधता येत नव्हतं. तेव्हा देव घरात आणून बसवला.

पायऱ्यांवर दगडी दीपमाळ आहे, हजारभर दिव्यांची, अहिल्याबाईंच्या नावची. कार्तिकात इथं बांबूंवर आकाशदिवे चढतात, आणि आता प्रचंड झालेली देवदिवाळी विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत याच घाटावरून पसरली. ती कार्तिकी पौर्णिमा. शके १४९५, म्हणजे १५७३ साली, त्याच तिथीला पैठणच्या एकनाथांनी काशीत आपलं भागवत पुरं केलं. हे स्थळ-काळ त्यांनीच ग्रंथाच्या शेवटी नोंदवून ठेवले आहेत. संस्कृताचा अर्थ प्राकृतात आणल्याबद्दल इथल्या पंडितांनी त्यांना आधी धारेवर धरलं आणि मग ग्रंथाची मिरवणूक काढली, असं परंपरा सांगते. पैठणात ग्रंथ पुरा करून चाललं नसतं का? चाललं असतं. पण मान्यतेचा शिक्का काशीत मिळायचा. गंमत अशी, की याच पायऱ्यांवर पहाटेच्या अंधारात कबीर आडवा पडून राहिला आणि रामानंदांचा पाय लागून त्याला मंत्र मिळाला, अशीही कथा आहे. त्याला शिक्का देणारी सभा कुठल्या मंडपात भरली नाही.

दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट म्हणजे मराठी वस्तीचं काळीज. नारायण दीक्षित पाटणकर हे पेशव्यांचे गुरुस्थानी. त्यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इथं घाट आणि घरं उभी केली. नाना फडणिसांचा वाडा दुर्गाघाटाजवळच, आंग्र्यांचा ब्रह्माघाटाला. आंग्र्यांच्या वाड्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सार्वजनिक गणपती बसतो. पूर्वी दुर्गाघाटावर मुक्कीचे, म्हणजे ठोशांचे सामने व्हायचे. मराठी पोरं त्यात पुढं असत असं जुने लोक सांगतात. वेदपठण आणि ठोसे एकाच घाटावर, हे चित्र मला फार आवडलं. अजूनही एखाद्या जिन्यावरून मराठी ऐकू येतं. एका आजींनी विचारलं, ‘‘पुण्याहून का? मग जेवून जायचं, असं कसं निघून जाता?’’ आणि त्याच श्वासात नातवाला बनारसी हिंदीत दम भरला.

या वस्तीचं राजकारण समजून घ्यायला दोन प्रसंग पुरतात. १७३५ साली बाजीरावांच्या आई राधाबाई तीर्थयात्रेला निघाल्या. उदेपूर, जयपूर करत त्या काशीला पोचल्या, गयेला गेल्या आणि पुढच्या वर्षी सुखरूप पुण्याला परतल्या. वाटेतले रजपूत राजे तर झालेच, पण मराठ्यांशी लढलेला महंमदखान बंगशही त्यांची सरबराई करत होता. तोफा न नेता मराठी सत्तेचा धाक आणि पत दोन्ही मोजून आलेली ही यात्रा. दुसरा प्रसंग १७४२चा. मल्हारराव होळकर फौज घेऊन गंगेच्या दुआबात होते आणि ज्ञानवापीची मशीद पाडून विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभारावं असा त्यांचा मनसुबा होता. काशीतल्या पंचद्रविड ब्राह्मणांना हे कळलं तेव्हा ते आनंदले नाहीत, हबकले. होळकर देऊळ बांधून निघून जातील, नंतर बादशाही सुभेदाराच्या तावडीत आपण आहोत, असं त्यांचं म्हणणं; मल्हाररावांना आवरा, अशी विनवणी झाली. मनसुबा राहिला. १७८०च्या सुमारास त्याच मल्हाररावांच्या सुनेनं, अहिल्याबाईंनी, मशिदीच्या शेजारची मोकळी जागा धरून आजचं देऊळ बांधलं. सासऱ्याची तलवार जिथं अडली तिथं सुनेचा खजिना आणि सबुरी उपयोगी पडली. राज्याबाहेरच्या राजधानीत वागायची रीत हीच होती.

आता त्या निर्णयांच्या कारखान्याकडं वळते, कारण सगळ्या फेऱ्यांत माझं मन तिथंच रेंगाळत होतं. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वर भट्ट काशीत आले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट, जन्म १५१३. प्रयाग, काशी, गया या तीन स्थळांचा विधिग्रंथ ‘त्रिस्थलीसेतु’ त्यांचा. १५८५च्या सुमारास अकबराच्या दरबारातल्या तोडरमलाच्या पाठिंब्यानं विश्वेश्वराचं देऊळ उभं करवलं तेही त्यांनीच. नातू कमलाकर भट्टांनी १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. संकष्टी कुठल्या दिवशी धरायची यावर आपल्याकडं अजून वाद होतो तेव्हा पंचांगकर्ते ज्या ग्रंथाचा आधार काढतात, तो हा. कमलाकरांचे चुलतभाऊ नीलकंठ भट्टांचा ‘व्यवहारमयूख’ तर इंग्रजी अमलात मुंबई, गुजरात आणि उत्तर कोकणात हिंदू वारसाहक्काचा प्रमाणग्रंथ ठरला. १९५६चा वारसा कायदा येईपर्यंत मुंबईच्या हायकोर्टात वकील मंडळी काशीच्या गल्लीत लिहिलेल्या पोथीवरून भांडत होती. आणि कमलाकरांचे पुतणे विश्वेश्वर, घरात लाडानं गागा. १६७४ला रायगडावर गेले ते हेच.

गागाभट्ट एकदम आकाशातून रायगडावर उतरले, असं आपली नाटकं-सिनेमे दाखवतात. प्रत्यक्षात मराठी मुलखातले असे खटले सोडवणं हा या मंडळींचा नित्याचा उद्योग होता. कोकणातल्या देवरुख्यांना पंक्तीत घ्यायचं की नाही, हा वाद काशीला आला. १६५७ साली विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात सभा भरली आणि त्यांच्या बाजूनं निर्णयपत्र निघालं. १६६४ मध्ये राजापूरला शेणव्यांच्या प्रश्नावर गागाभट्टांनी निर्णय दिला. म्हणजे रायगडाचा अभिषेक हा त्या कारखान्यातला सगळ्यात मोठा, पण एकमेव नव्हे असा निवाडा. या सभांना सोवळ्यातले पुरुष बसत. ज्यांच्याबद्दल निर्णय व्हायचा त्यांतले बहुतेक दाराबाहेर, आणि बायका तर दोन्हीकडं नाहीत. कुठं त्यांनी पंगत रुंद केली, कुठं दार लावून घेतलं. दोन्ही गोष्टी त्याच पोथ्यांत आहेत, आणि एकीचाच अभिमान धरणं सोयीचं आहे एवढंच.

मुक्तिमंडप आता नाही. १६६९ला देवळाबरोबर तोही गेला. त्या जागेच्या जवळपास जायचं तर विश्वनाथ धामाच्या रांगेत उभं राहावं लागतं. १३ डिसेंबर २०२१ला उद्घाटन झालेल्या या प्रकल्पासाठी तीनशेहून अधिक घरं-जागा घेतल्या गेल्या. सरकारी आकड्यांप्रमाणं तीन हजार चौरस फुटांचं आवार पाच लाखांवर गेलं. नदीपासून गाभाऱ्यापर्यंत आता मोकळं पटांगण, स्वच्छतागृहं, सावली, अहिल्याबाईंचा पुतळा. व्हीलचेअरवरच्या सासूबाईंना घेऊन आलेल्या सोलापूरच्या एका कुटुंबाला तिथं पाहिलं तेव्हा गल्ल्यांचे कढ काढणाऱ्यांवर थोडा रागही आला. पण रामघाटाहून गल्लीतून येऊन त्या पटांगणात पाय ठेवला की काय गेलं तेही कळतं. मुलूखमुलूखच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जी दाटी जमवली होती, तिच्यातच ही राजधानी वसली होती. पटांगणात सभा भरवता येते. वस्ती वसवता येत नाही.

तिथून काठानं परतताना शिंदे घाट. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी १८३०च्या सुमारास तो बांधायला घेतला. दोन वर्षं आधी ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही त्यांचाच. घाट इतका वजनदार केला की नदीच्या मातीनं तो पेलला नाही आणि बांधकाम खचलं. पुढं विसाव्या शतकात तो पुन्हा बांधून घ्यावा लागला. शेजारचं रत्नेश्वराचं देऊळ कललेलं आहे आणि वर्षातला बराच काळ त्याच्या गाभाऱ्यात पाणी असतं. भोसले घाट याच्या उलट: बिनखिडक्यांची ताठ भिंत आणि अगदी वर छोटे झरोके, लक्ष्मीनारायणाचं देऊळ आत. नागपूरकरांनी घाट बांधला की गढी, असा प्रश्न पडावा. पण उभा आहे. गणेश घाटावरचं अमृतराव पेशव्यांचं गणेशमंदिर लहान आणि नेटकं आहे, लाकडी मंडपाचं. पुण्याच्या माणसाला तिथं पत्ता विचारावा लागत नाही.

दौलती गेल्या तरी माणसं येत राहिली. दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजीअप्पा पेन्शनवर काशीत राहिले. त्यांच्याकडं नोकरीला असलेल्या मोरोपंत तांब्यांना १८२८च्या सुमारास मुलगी झाली, नाव मणिकर्णिका. पुढं झाशीची राणी. भदैनीला, अस्सीजवळ, तिचं स्मारक आहे. कितीतरी मराठी विधवा इथल्या अंधाऱ्या खोल्यांत मरणाची वाट पाहत राहिल्या. त्यांच्या नावाचा घाट नाही. १९१६ मध्ये घर सोडून विनोबा इथं आले, दुपारी अन्नछत्रात जेवत आणि तिथं मिळालेल्या दोन पैशांच्या दक्षिणेत रात्रीचं दही-रताळं भागवत. बंगालकडं क्रांती की हिमालयात साधना, अशा विचारात असताना इथंच त्यांच्या कानावर गांधींच्या विद्यापीठातल्या भाषणाची चर्चा आली आणि ते अहमदाबादला गेले. सिनेमाला वैतागलेले दादासाहेब फाळके १९२०च्या सुमारास बिऱ्हाडासह इथं येऊन राहिले आणि ‘रंगभूमी’ हे नाटक लिहून गेले.

या सगळ्यांत काशीनं मराठी माणसाला जे दिलं त्याहून जास्त कुणी परत केलं असेल, तर ते बाबूराव विष्णू पराडकरांनी. जन्म काशीतला, १८८३चा. घरची भाषा मराठी, आयुष्याचं काम हिंदी. १९२०ला शिवप्रसाद गुप्तांनी सुरू केलेल्या ‘आज’ दैनिकाचे ते संपादक झाले आणि हिंदी वृत्तपत्रांच्या गद्याला त्यांनी वळण लावलं. त्यांच्यामागून रा. र. खाडिलकरही त्याच खुर्चीत बसले. मैदागिनजवळच्या पराडकर स्मृती भवनात मी गेले तेव्हा कसलीशी पत्रकार परिषद चालू होती आणि खुर्च्या कमी पडल्या होत्या. घाटांवर दौलतींची नावं पाहत आलेल्या मराठी माणसानं इथं दहा मिनिटं बसावं, असं मी आग्रहानं सांगेन. पराडकरांच्या हयातीत निर्णय मंडपात होईनासे झाले होते. सकाळी छापून येणाऱ्या अग्रलेखात व्हायला लागले होते, आणि ते वाचायला सोवळं लागत नव्हतं.

१९३०च्या सत्याग्रहात सरकारनं छापखान्यांची मुस्कटदाबी केली तेव्हा काशीत ‘रणभेरी’ नावाचं गुप्त पत्रक निघू लागलं. त्यामागं पराडकर होते. पत्रक चक्रमुद्रित असायचं आणि यंत्र एका घरी टिकायचं नाही. एका घरावर छापा पडेपर्यंत ते दुसऱ्या गल्लीत पोचलेलं असायचं. एका जिन्यानं चढून गच्चीवरून तिसऱ्या घरात उतरता येतं, हे इथल्या पोरांना माहीत होतं. बाहेरून आलेल्या शिपायांना नव्हतं.